विडीवालीचा अंगठा

"देह नश्वर असतो, कला मात्र अमर," असं सुमनआक्काच्या शोकसभेत अध्यक्ष म्हणाले. आक्का ऐकत असती तर तिनं विचारलं असतं, "चित्राला काच लावलीया का?" बेळगावच्या हवेत कागदाला बुरशी येते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

तिला जाऊन महिना झाला. सत्तरच्या दशकात मी मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होतो. निपाणीची ही मुलगी शरीररचना विभागातल्या चित्रकाराच्या जागेसाठी आली होती. प्राध्यापकांनी तिला आठवड्यात हाताचं चित्र आणायला सांगितलं होतं. ते पसंत पडलं नाही, तर घरच्यांनी जवळजवळ ठरवलेली शाळेतली चित्रकला शिकवायची नोकरी होतीच. तिची आई विड्या वळायची. "मड्याजवळ बसून पोट भरणार व्हय गं? त्यापरीस पोरांस्नी फुलं काढाय शिकीव," असं तिचं म्हणणं.

मी दिलेल्या पुस्तकातला हात आक्काला पटेना. "अण्णा, ह्यो हात कधी कामाला गेलेलाच न्हाय." ती निपाणीला गेली आणि विड्या वळणाऱ्या आईसमोर कागद घेऊन बसली. "हलू नगंस म्हणतीस, मग विड्या काय तू वळतीस?" आई म्हणाली... पण हात तिनं जरा उजेडाकडं केला.

चित्र दाखवायच्या दिवशी मी धीर द्यायला सोबत गेलो. प्राध्यापकांनी अंगठ्याच्या मुळाशी बोट ठेवलं. "हा स्नायू फार मोठा आहे. मी नॉर्मल हात सांगितला होता."

"आमच्याकडं ह्योच नॉर्मल, सर."

टेबलाखाली त्यांनी स्वतःचा अंगठा चाचपून पाहिला, एवढं मला दिसलं. जागा आक्काला मिळाली.

चित्र विच्छेदन कक्षाच्या भिंतीवर लागल्यावर तिनं आईला आणलं. म्हातारीनं आपला पंजा चित्राशेजारी धरून पाहिला. "हात माझा. खाली नाव कुणाचं लिवलंय?"

"कुणाचंच न्हाय. 'मानवी हात' लिवलंय."

"मानवी..." आई डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "ऱ्हा मग हितंच."

आक्का पुढं निवृत्तीपर्यंत तिथंच राहिली. परवा मी विच्छेदन कक्षात जाऊन आलो. चित्रातला तो हात अजून दाराशेजारी आहे. शिपाई सांगत होता, दरवर्षी पहिल्या वर्षाचा एखादा विद्यार्थी तो पाहतो आणि आपला अंगठा वाळत चाललाय म्हणून तपासून घ्यायला जातो.