डीपी घुमते तेव्हा

माझी शेजारीण साताऱ्यात डीपी, म्हणजे गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात त्याच्या आतले पत्रे रचते. घरी भाकऱ्यासुद्धा कडेला कड लावून ठेवणारी बाई! पत्र्यांत फट राहिली की डीपी घुमते, तापते, वीज वाया जाते, हे मला तिनंच सांगितलं.

परवा आमच्या गावची डीपी दुरुस्त झाली. ती न्यायला ट्रॉली कारखान्याच्या दारात, मी नारळ घेऊन उभी. डीपी चालू करून तिनं आवाज ऐकला.

"काकी, नारळ पिशवीत ठेवा. लय घुमतीया."

"अगं, पंप बंद हाय, ऊस वाळतोय माझा!"

"आवं, ही रातंदिस फुकट वीज खाईल. उद्या न्या."

तिनं डीपी उघडली, पत्रे उपसून पुन्हा रचले.

दुसऱ्या दिवशी नारळ मी तिलाच फोडायला लावला. आता डीपीचा आवाज इतका बारीक, की तो ऐकायला मला बांधावर थांबावं लागतं. मी थांबते, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यालाही थांबवते.