पहिला घास

"काय नाय होत, खा आता," असं म्हणत तो पहिला घास स्वतःच्या तोंडात टाकायचा. घास त्याच्या डब्यातला नव्हे, तुमच्या-आमच्या डब्यातला! मोहोपाड्याच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली की हा गडी सगळ्यांच्या डब्यांत हात घालून यायचा आणि स्वतःचा डबा शेवटी उघडायचा.

"घरी बायको उपाशी ठेवते का रं?" आम्ही चिडवायचो. तो नुसता हसायचा. एकदा नव्या साहेबांच्या डब्यातला बोंबलाचा तुकडा त्याने असाच उचलला. आम्हाला वाटलं, संपली याची नोकरी. पण साहेबांनी दुसऱ्या दिवशी बोंबील जास्तच आणले.

तुम्हीही त्याला खादाड म्हणाला असता. मीही म्हणायचो, लोधिवलीला त्याच्या घरी गेलो तोपर्यंत.

पडवीत त्याची म्हातारी आई भिंतीला पाठ लावून बसली होती. पुढ्यात भाताचं ताट, पण हात मांडीवर. हा शेजारी बसला, तिच्या ताटातला घास खाल्ला आणि तोंड उघडून दाखवलं. "आये, मी खाल्लाय. काय नाय होत, खा आता." मग ती जेवू लागली.

"तिला वाटतं, जेवणात कुणी इख घातलंय," मला रस्त्यापर्यंत सोडताना तो सांगू लागला. "मी शाळंत बी जात नव्हतो तवापासून. बाबा मारायचा, तरी खायाची नाय. मी आधी खाल्लं तरच खायाची." थोडं चालून म्हणाला, "मला बी भ्या वाटायचं. खरंच इख असलं तर? पण ती उपाशी ऱ्हायची ना. अजून कुणी डबा उघडला का माझाच हात आधी जातो."

दुसऱ्या दिवशी सुट्टीत मी माझा डबा उघडून आधी त्याच्यापुढे सरकवला.

पुढे त्याची आई गेली. दहाव्याला आम्ही पाताळगंगेच्या काठी जमलो. पिंड मांडला, पण कावळे झाडावरून हलेनात. ऊन चढलं. म्हातारीची काय इच्छा राहिली म्हणून नातेवाईक एकमेकांना विचारू लागले. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले.

तेवढ्यात तो पुढे झाला आणि पिंडातली चार शितं उचलून त्याने तोंडात टाकली. "अरे, अरे, हे काय!" गुरुजी ओरडले. त्याने तोंड उघडून दाखवलं.

"आये, मी खाल्लाय. काय नाय होत, खा आता."

कावळा खाली उतरला.

निवृत्त होऊन तो घरी बसला. जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडतो आणि अजून जरा वेळ तसाच बसून राहतो.