मामाचा तहानलेला गुग्गुळ

दुसऱ्याला पाणी पाजल्याशिवाय ज्याचा घसा ओला होत नाही, असा माणूस भूतलावर एकच, आणि तो नेमका माझा मामा. वारूळवाडीच्या या मामाला वाळवंटात नेऊन सोडलं, तरी आठवड्याच्या आत तिथे ठिबक अंथरलेलं असेल आणि मामा उंटांवर ओरडत असेल, "वाफ्यातून चालू नका राव!" सारी हयात टोमॅटोत गेलेली. झाड दिसलं की त्याला तहान लागलीय, हे मामाला आतून कळतं. एकदा पुण्यात माझ्या फ्लॅटवर चार दिवस राहिला, तर हॉलमधल्या प्लास्टिकच्या झाडाला सकाळ-संध्याकाळ तांब्या तांब्या पाणी. गालिच्यावर बेडकं यायचीच काय ती बाकी होती. मी कपाळाला हात लावला, तर मलाच विचारतो, "चार दिस झालं, एक पान फुटंना. खत कवा घातलं व्हतंस?"

अशा माणसाने गुग्गुळ लावावा, हा दैवाचा चावटपणा. झालं असं, की मामीचे गुडघे धरले. नारायणगावच्या वैद्यांनी गोळ्या दिल्या. त्यात काय असतं, असं मामाने विचारलं. गुग्गुळ, म्हणजे एका झाडाचा डिंक, असं ऐकताच गडी उसळला. "झाडाचा डिंक आन् इकत घ्यायचा? मग आमी शेतकरी कशापायी?" तिथेच, चार पेशंटांच्या देखत, त्याने मामीला शब्द दिला, "तुझ्या गुडघ्याला घरचा गुग्गुळ लावीन." रोप मीच नर्सरीतून आणलं. काटेरी, वेडंवाकडं, कागदासारखी साल सुटलेलं ते ध्यान पाहून मामी म्हणाली, "अगं बया, ह्येचेच सांधे धरल्यात की!"

गुग्गुळाला मुरमाड, कोरडी जागा लागते. मामाने त्याला बांधावर काळ्या मातीत बसवला आणि टोमॅटोची एक नळी खास त्याच्याकडे वळवली. पहिल्या हिवाळ्यात पानं गळाली. ती गळणारच, त्या झाडाची रीतच तशी. पण मामा दोन दिवस जेवला नाही. टोमॅटोचं टॉनिक फवारलं, पाणी दुप्पट केलं. झाड जगलं आणि असं माजलं म्हणता! आठ वर्षांत त्याचं हिरवंगार झुडूप झालं. दर थंडीत मामा चाकूला धार लावायचा, खोडाला हात जोडायचा, बारीकशी चीर द्यायचा आणि रोज जाऊन बघायचा. डिंकाचा थेंब नाही. "औंदा त्येचा मूड न्हाई," असं म्हणून परत यायचा. इकडे मामी आधी भाकरी घेऊन रानात यायची ती ओट्यापर्यंत यायला लागली, मग ओटाही सुटला.

शेवटी मी वैद्यांनाच बांधावर आणलं. त्यांनी झाडाकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाणी तोडा याचं. हे झाड हाल सोसतं, तेव्हा डिंक देतं." मामाचा चेहरा उतरला. त्याने नळी काढली खरी, पण मन काही निघेना. जेवण झालं की हात धुवायला बांधावर, चूळ भरायला बांधावर. मी पकडलं, तर म्हणे, "चूळ भरली, ती काय पाणी झालं का?" अखेर मामीनेच सुनावलं, "माझ्या गुडघ्याची आण हाय तुमास्नी." त्यानंतर मामा रानात जाताना लांबचा वळसा घ्यायचा. म्हणायचा, "त्येच्या तोंडाकडं बघवत न्हाई रं."

गेल्या थंडीत चीर दिली तेव्हा मी तिथेच होतो. तिसऱ्या दिवशी मामा बांधावरून आला तो अनवाणी, एका हाताचा तळवा दुसऱ्याने झाकून. आत हरभऱ्याएवढा पिवळा खडा. आणि मी गाढव, पटकन बोलून गेलो, "मामा, कच्चा नाही खाता येत. शुद्ध करावा लागतो. आणि एवढ्यात एक गोळीसुद्धा नाही होणार."

एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा इतका लहान झालेला मी कधी पाहिला नव्हता. जीभ हासडून टाकावीशी वाटली.

मामी म्हणाली, "आवं, चुलीतला इस्तू आणा धुपाटण्यात." मामाने निखारे आणले. तिने खडा त्यावर टाकला आणि धुपाटणं देवापुढे न ठेवता आपल्या गुडघ्यांपाशी ठेवलं. घरभर गोडसर, कडसर वास पसरला. दोन मिनिटांत खडा संपला. मामीने पाय जरासा लांब केला आणि म्हणाली, "गुण आला बगा."

"खोटं बोलू नगंस," मामा डोळे पुसत म्हणाला. "धूर लई झालाय." मग शाळकरी पोरासारखा, "आता देऊ का त्येला पाणी?"

"द्या की. लई सोसलं त्येनं."

मामा भरला हंडा खांद्यावर घेऊन जवळजवळ पळतच सुटला. मामी भिंतीला धरून उठली आणि दारापर्यंत गेली. तेवढंच आता तिला चालवतं. दारातून झाड दिसत नाही, मामाची पाठ तेवढी दिसते. ती दिसेनाशी होईपर्यंत मामी उभी होती.