फुटलं तर?

आमच्या गाडीच्या पायपुसण्यावर जशी रोज थोडी थोडी माती साचते ना, तसे किस्से साचतात. कितीही झटका, थोडे उरतातच. आणि एक सांगते, आमचे बहुतेक किस्से भीतीचे आहेत. हसू नका! तुम्हाला ऐकायला मजा वाटते, पण तेव्हा माझे हातपाय गार पडलेले असतात. मी मुळातच घाबरट.

गाडी म्हणजे कंपनीची विज्ञान गाडी. अंबडला आमची कंपनी आहे, विजेचे स्विच बनवणारी. ती ही गाडी खेड्यापाड्यांतल्या शाळांना प्रयोग दाखवायला पाठवते. मी शिकवते, शकीलभाई चालवतात. सकाळी नाशिक रोडहून निघायचं, पेठकडच्या डोंगरातली शाळा गाठायची आणि संध्याकाळी परत. डोक्यावर कंपनीचे कुलकर्णी सर. त्यांनी जूनमध्येच बजावलं होतं, "मार्चमध्ये मुंबईहून मोठ्या मॅडम येणार. त्यांना काम पटलं तर गाडी चालू, नाहीतर बंद!"

झालं! तेव्हापासून मी मार्चचे दिवस मोजायला लागले.

*

मोठ्या मॅडमना दाखवायला जी शाळा ठरली, तिथला आमचा पहिला दिवस ऐका.

पांढरी गाडी फाटकातून आत शिरली. मी पांढरा कोट घालून उतरले. कोणीतरी ओरडलं, "सुई आली रे, सुई!" आणि बघता बघता शाळा रिकामी! कोणी दारातून, कोणी खिडकीतून, पोरं थेट डोंगरावर. मुख्याध्यापक गावित सर मागून ओरडतायत, "अरे, या लस टोचायला नाय आल्या!" पण ऐकतंय कोण?

शकीलभाई डोकं खाजवत म्हणाले, "मॅडम, आपण पोरं शिकवायला आलो का पकडायला?"

एकच मुलगी दारात उभी राहिली होती. आठवीतली, सुगंधा. बाही दंडापर्यंत वर केलेली, डोळे गच्च मिटलेले.

"टोचा," ती म्हणाली, "पण लवकर टोचा!"

*

कंपनीने त्या शाळेला तीन वर्षांपूर्वी प्रयोगाच्या सामानाचं खोकं दिलं होतं. मी म्हटलं, चला, तेच वापरू. गावित सरांनी गळ्यातल्या दोऱ्याची किल्ली काढली आणि कपाट उघडलं. आत सूक्ष्मदर्शक. त्याला झेंडूची सुकलेली माळ, वर हळदकुंकू! बाकी खोक्याची चिकटपट्टीसुद्धा कोणी काढलेली नव्हती.

"दर दसऱ्याला पूजा करतो मॅडम," सर अभिमानाने म्हणाले.

"आणि वापरता कधी?"

"वापरलं तर फुटंल ना!"

"फुटलं तर फुटलं. त्याचं काय?"

"असं कसं? फुटलं तर वरून साहेब इचारतील. मी काय सांगू?"

माणूस वाईट नव्हता हो. खरोखर घाबरलेला होता. नोकरीत कधी कुणाचं वाकडं बोलणं ऐकून घ्यायची वेळ येऊ नये, एवढंच त्याचं म्हणणं. मला तर तो माझा सख्खा भाऊच वाटला.

पण पोरांना सूक्ष्मदर्शकाची आकृती तोंडपाठ होती. मी सुगंधाला फळ्यावर काढायला सांगितली. तिने सगळे भाग नावांसकट काढले. एकही चूक नाही. वरून झेंडूची माळसुद्धा काढली!

*

मधे कंपनीने एक टूम काढली. महिन्यातून एकदा तिथल्या एका इंजिनिअरने आमच्याबरोबर यायचं आणि मुलांशी गप्पा मारायच्या. पहिल्यांदा जे साहेब आले, ते अंबडला दोनशे माणसं हाताखाली वागवतात म्हणे. वर्गात शिरताना मात्र त्यांनी माझ्या कानात विचारलं, "मॅडम, ही मुलं प्रश्न विचारतात का हो?"

म्हटलं, "विचारले तर बरंच की!"

साहेबांनी स्विचबद्दल छान सांगितलं. कसा बनतो, कसा तपासतात, वर्षानुवर्षं कसा बिघडत नाही. मग सुगंधाचा हात वर.

"सर, आमच्या पाड्यावर लाईट जाते ती दोन-दोन दिवस येत नाय. तेव्हा तुमचा स्विच काय करतो?"

थोड्या वेळाने बघते तर साहेब गाडीत जाऊन बसलेले. परतताना सावळघाट ओलांडल्यावर एकदम म्हणाले, "पुढच्या वेळी मला टेबलं उचलायला ठेवा. वर्गात नको!"

*

आता सगळ्यात भीतीचा किस्सा.

एकदा सुगंधा बाटलीत पाणी घेऊन आली. झिऱ्याचं. म्हणजे डोंगराच्या पायथ्याला खणलेला खड्डा असतो, त्यात पाझरून येतं ते. सगळा पाडा तेच पितो, शाळेचा माठही त्याच पाण्याने भरतात. मी खूश! वर्षभरात पहिल्यांदा एका मुलीने स्वतःहून काहीतरी तपासायला आणलं होतं. गाडीतला आमचा सूक्ष्मदर्शक काढला, थेंब काचपट्टीवर ठेवला, डोळा लावला, तर आत हे वळवळतंय! मी मूर्ख, टाळ्या वाजवल्या. "या रे, बघा बघा, केवढे जीव!"

सगळ्यांनी एकेक करून बघितलं. कोणी हसलं नाही. मला माझ्याच टाळ्यांची लाज वाटली.

"मॅडम," सुगंधा म्हणाली, "हे आम्ही सकाळीच प्यालो."

तिसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो, तर फाटकात सुगंधाची आई उभी. गवत कापून तशीच आलेली, हातात विळा.

"काय दावलंस तू माझे पोरीला? दोन दिस झाले, पाण्याला तोंड लावीत नाय ती!"

पोरीला काही झालं असतं तर? शकीलभाई हळूच खाली उतरून माझ्या बाजूला उभे राहिले. तेही घाबरलेच होते, पण उभे राहिले.

"काहीच पीत नाही?" मी कसंबसं विचारलं.

"नुसती पेज मागते! सकाळी पेज, सांजेला पेज!"

मी सुगंधाकडे वळले. "पेजच का गं?"

"पेज उकळते ना मॅडम. म्हटलं, उकळल्यावर ते मरत असतील."

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं! ना मी, ना गावित सरांनी. मग आम्ही खिचडीच्या चुलीवर तेच पाणी उकळलं, गार केलं आणि थेंब काचेखाली ठेवला. काही हलत नव्हतं. आईने विळा खाली ठेवून बराच वेळ पाहिलं.

"मेलं सारं," ती म्हणाली आणि विळा उचलून घरी गेली. त्या दिवसापासून त्यांच्या घरी पाणी उकळतं. शाळेत मात्र खिचडीपुरतंच सरपण. माठ तसाच राहिला.

*

मी आनंदाने शाळेतूनच कुलकर्णी सरांना फोन केला. स्पीकरवर. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "छान छान. पण मोठ्या मॅडमसमोर पाण्याचा विषय नको हं! निगेटिव्ह वाटतं. तुम्ही आपला ज्वालामुखी दाखवा, सोडा आणि लिंबाचा. मुलं हसली पाहिजेत. आणि ते खोकं टेबलावर नीट मांडून ठेवा, पण कोणाला हात लावू देऊ नका."

"का सर?"

"अहो, ऐन वेळी काही फुटलं तर?"

गावित सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. "बघा! मी काय येगळं सांगत होतो?"

*

आणि मग मार्च आला.

मोठ्या मॅडम आल्या. पोरं रांगेत. "मोठं होऊन कोण होणार?" असं विचारल्यावर सगळ्यांनी एका सुरात "शास्त्रज्ञ!" म्हणायचं, हे कुलकर्णी सरांनी घोटून घेतलं होतं. तेही पार पडलं. ज्वालामुखी उसळला. मी मनात सगळे देव आळवत होते.

पाहुणा आला की आधी पाणी, ही गावित सरांची रीत. सवयीने ते माठातल्या पाण्याचे दोन पेले ताटलीत घेऊन आले. पाहुण्यांसाठी विकत आणलेल्या पाण्याच्या बाटल्या शकीलभाईंच्या सीटमागेच राहिलेल्या! कुलकर्णी सरांच्या घशाला सकाळपासून कोरड. त्यांनी पेला एका दमात रिकामा केला. मोठ्या मॅडमनी दुसरा उचलला.

"नका पिऊ!"

सुगंधा रांगेतून धावत आली आणि तिने मॅडमच्या हातातला पेला सरळ काढून घेतला. संपलं! गाडी गेली, नोकरी गेली.

"आधी बघा," ती म्हणाली. तिने थेंब काचपट्टीवर ठेवला आणि पट्टी टेबलावर मांडलेल्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. मॅडम वाकल्या, स्क्रू फिरवायला लागल्या, जरा जास्तच फिरवला, आणि कट्!

काचपट्टी फुटली.

मी गावित सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक. मग त्यांनी गळ्यातली किल्ली काढली, कपाट उघडलं, आणि आत राखून ठेवलेल्या काचपट्ट्यांच्या नव्या डबीचं सील नखाने टराटरा फाडलं.

"फुटू द्या मॅडम," ते म्हणाले. "लय आहेत."

दुसरा थेंब. मॅडमनी या वेळी बराच वेळ डोळा काढला नाही.

मार्चनंतरही गाडी चालली, हे तुम्हाला कळलंच असेल, नाहीतर मी हे सांगत बसले नसते. आता शाळेत पाणी उकळायला वेगळं सरपणही असतं. पण मला आठवतं ते त्याच्या आधीचं एक मिनिट.

मॅडम बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "कुलकर्णी, या. तुम्हीही बघा."

कुलकर्णी सरांनी बघितलं. मग डोकं वर करून आपल्या हातातल्या रिकाम्या पेल्याकडे बघितलं. कपाळावर दरदरून घाम.

"मला... मला काही होणार नाही ना गं?"

सुगंधाने त्यांच्या हातातून पेला हळूच काढून घेतला आणि एखाद्या लहान पोराला समजवावं तसं म्हणाली, "घाबरू नका सर. शाळेत आम्ही रोज हेच पितो."