आत्याची उलटी पट्टी

माझी आत्या टेलरच्या दुकानात शिवणकाम करायची. तोंडात टाचण्या असतानाही तिचं बोलणं थांबत नसे, आणि आम्हाला ते कळलं नाही तर दोष आमच्या कानांचा. कामात तिचा एकच हट्ट. कपडा आतूनही बाहेरच्यासारखाच देखणा हवा, एक दोरा लोंबता कामा नये. "गिऱ्हाईक उलटं करून बघतंय का?" असं मास्तर वैतागून म्हणाले की ती म्हणे, "ते नसेल बघत. मी बघते."

माझी लेक रांगायच्या वयाची झाली तरी तिची डावी मूठ उघडत नव्हती. व्यायाम चालू होते. हाताला तऱ्हेतऱ्हेचं काहीतरी लागू द्या, खेळता खेळता उघडेल, असं डॉक्टर म्हणाले होते. कोमट पाणी, साबणाचा फेस, मळलेली कणीक, सगळं झालं. मूठ काही उघडेना. आंघोळ घालताना ती इवलीशी मूठ हातात आली की मी ती चोळत बसायचे.

आत्याने दुकानातली कातरणं गोळा करून खिडकीजवळच्या मशीनवर एक लांब पट्टी शिवली. मखमल, सॅटिन, कॉर्डरॉय, टॉवेलचा तुकडा, मधेच एक चेन, आणि ओढून निघणार नाहीत अशी घट्ट बटणं. मागून गुलाबी अस्तर लावलं. उघड्या शिवणी ठेवणं तिच्या जिवावर आलं असतं. त्या मशीनच्या तेलाचा वास आजही कुठे आला की मी दोन मिनिटं थांबते.

रोज आम्ही लेकीला पट्टीवर पालथं घालायचो. आत्या मुठीखाली मखमल सरकवायची. लेक ढुंकूनही बघायची नाही.

"राणीसरकारांना मखमल चालत नाही," आत्या फणकारली.

एका दुपारी लेकीने ओढून ओढून पट्टी उलटी केली. अस्तराचा कोपरा उसवला होता आणि आतून शिवणीची खरखरीत कड बाहेर डोकावत होती. लेकीची मूठ तिच्यावर घासली. आधी अंगठा सुटला. मग एकेक बोट बाहेर येऊन दोरे खाजवू लागलं. मी रडायलाच लागले.

आत्या टाका घालायला सुई ओवून बसली होती. तिने सुई खाली ठेवली, कात्री घेतली आणि सगळं अस्तर उसवलं. चेहरा असा, जणू तिला उलटा ब्लाउज घालून भर रस्त्यात उभं केलं होतं.

"कुणी विचारलं तर मी शिवलंय म्हणून सांगू नकोस," एवढंच म्हणाली. पाहुणे आले की पट्टी उशीखाली जायची. मूठ मात्र हळूहळू उघडत गेली.

गेल्या वर्षी आत्या अंथरुणाला खिळली. बोलणं बंद झालं. ती कुणाला ओळखते की नाही, तेही कळेना. हॉस्टेलवरून आलेल्या लेकीने कपाटातून ती पट्टी शोधून काढली आणि आत्याच्या हाताखाली उलटी ठेवली.

"आत्याआजी, हे काय आहे सांग बरं?"

सुरकुतलेली बोटं शिवणीवरून सावकाश फिरली. कडेपाशी थांबली.

"दोरे लोंबतायत," आत्या म्हणाली. "कात्री आण."

लेक उठली आणि डाव्या हातात कात्री घेऊन आली.