पाच मॅट आणि ह्यांचं हृदय

आमच्या योगवर्गाचे किस्से साचतात ते शवासनात. बाकीची आसनं करताना माणूस आपल्याच गुडघ्यात गुंतलेला असतो. पण एकदा पाठ टेकवून डोळे मिटले, की काल काय झालं, परवा काय झालं, सगळं आठवायला लागतं आणि कुणाचं तरी पोट दाबलेल्या हसण्यानं हलायला लागतं. त्यातले बहुतेक किस्से माझ्यावरचे आहेत. तेव्हा दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगायच्या आत मीच सांगून टाकते.

वर्ग प्रमिलाताईंच्या घरी भरतो, सेक्टर अडतीसमध्ये, सकाळी साडेसहाला. ताई मूळच्या साताऱ्याच्या. आयुष्यभर फिजिओथेरपी केली, आता निवृत्त आहेत. सोफा भिंतीला सरकवला की त्यांच्या हॉलमध्ये पाच मॅट मावतात, म्हणून वर्ग पाच जणांचा. ताई, वरच्या मजल्यावरच्या बलजीत आंटी, मोहालीत आयटीत असलेला नागपूरचा निखिल, आमचे हे आणि मी. आम्ही सांगलीचे. ह्यांच्या नोकरीमुळे बावीस वर्षं चंदीगडात आहोत.

आम्ही वर्गाला जायला लागलो ते ह्यांच्या हार्ट अटॅकनंतर. ऑफिसला निघताना बूट घालता घालता हे खाली बसले. मला वाटलं, लेस बांधतायत. मी स्वयंपाकघरातून 'डबा विसरू नका' म्हणून दोनदा ओरडलेसुद्धा. पुढचं सगळं झालं, स्टेंट बसला, डॉक्टर म्हणाले आता उत्तम आहे, फिरा, हलका योग करा, दोन महिन्यांनी कामावर जा. ह्यांनी ते ऐकलं. माझ्या कानात काही शिरलं नाही. मला रोज सकाळी उठल्या उठल्या वाटायचं, आज परत होणार.

* * *

पहिल्या दिवशी ताई वही घेऊन बसल्या. प्रत्येकाला काय त्रास आहे ते त्या लिहून घेतात आणि त्याप्रमाणे आसनं ठरवतात. निखिलची कंबर. बलजीत आंटींचे दोन्ही गुडघे. ह्यांचं हृदय.

"सुनंदा, तुम्हाला काय होतंय?"

म्हटलं, "मला काही नाही हो. मी आपली ह्यांच्यासोबत आलेय."

"झोप लागते?"

"नाही."

"भूक?"

"तशी नाही."

"छातीत धडधडतं?"

"ह्यांना उठायला उशीर झाला की धडधडतं."

ताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि वहीत लिहिलं. मी वाकून वाचलं. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, 'यजमानांचं हृदय.'

* * *

आता तो शवासनाचा किस्सा. ताईंचा नियम कडक आहे. शवासन म्हणजे डोळे बंद, तोंड बंद, त्या 'ॐ' म्हणेपर्यंत बोटसुद्धा हलवायचं नाही. पडदे ओढलेले, खोलीत जवळजवळ अंधार. शेजारच्या मॅटवर आपला नवरा प्रेतासारखा पडलाय आणि आपण डोळे मिटून स्वस्थ राहायचं, हे ज्यानं शोधून काढलं त्याच्या बायकोला विचारायला पाहिजे.

मी दर मिनिटाला एक डोळा उघडून ह्यांचं पोट हलतंय का बघायची. थंडी सुरू झाली आणि हे पोटावर रजई घ्यायला लागले. रजई हलताना दिसेना. मग मी हळूच हात लांबवून ह्यांच्या नाकाखाली बोट धरायला लागले. गरम हवा लागली की हात परत. चार दिवस कुणाला पत्ता नव्हता.

पाचव्या दिवशी खिडकीतून गार वारं येतं म्हणून ताईंनी ह्यांना माझ्या डावीकडून उठवून उजवीकडे झोपवलं. मी तेव्हा पाणी प्यायला आत गेले होते. आले, आडवी झाले, सवयीनं डावीकडे हात लांबवला. नाकाखाली बोट धरते तर हवाच नाही. मी घाबरून बोट आणखी पुढे सरकवलं.

निखिल ताडकन उठून बसला. "अहो काकू, सर्दी झालीये मला! तोंडानं श्वास घेऊन राहिलोय!"

दुसऱ्या दिवसापासून ताईंनी ह्यांची मॅट एका कोपऱ्यात आणि माझी दुसऱ्या कोपऱ्यात टाकली. मध्ये बलजीत आंटी. आंटी चांगल्या भरभक्कम आहेत, पलीकडचं काही दिसत नाही.

* * *

दिसत नाही म्हटल्यावर मी ऐकायला सुरुवात केली. भ्रामरी प्राणायाम तुम्हाला माहीत असेल. अंगठ्यानं कान बंद करायचे आणि श्वास सोडताना भुंग्यासारखा आवाज काढायचा. मी एक कान जरासा मोकळा ठेवायची. ह्यांचा आवाज खर्जातला, लगेच ओळखू येतो. तो चालू आहे तोवर सगळं ठीक.

एकदा तो आवाज थांबला. मी एक, दोन, तीन मोजलं आणि उठून ओरडले, "अहो!"

सगळा वर्ग थांबला. आंटी 'वाहेगुरू' म्हणाल्या. ह्यांनी शांतपणे कानातले अंगठे काढले.

"श्वास आत घेत होतो," हे म्हणाले. "तो घेतल्याशिवाय पुढचा आवाज काढता येत नाही."

* * *

बलजीत आंटींना मराठी येत नाही. ताई सगळं मराठीतून सांगतात, आंटी बाकीच्यांचं बघून करतात. वर्षभरात त्यांनी एकच शब्द उचललाय, 'सावकाश'. तो मात्र त्या सगळीकडे वापरतात. रिक्षावाल्याला, सुनेला, कुकरच्या शिट्टीला.

एका सकाळी मला ताडासनात उभं राहता येईना. टाचा उचलल्या की तोल जायचा, कारण मान सारखी ह्यांच्या कोपऱ्याकडे वळलेली. आंटींनी पाठीमागून माझ्या कमरेला हात लावला. "पुत्तर, सावकाश."

वर्ग संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या यजमानांनाही हृदयाचाच त्रास होता, हे मला तेव्हा कळलं.

"ग्यारह साल मैंने पहरा दिया जी," त्या म्हणाल्या. "रात को तीन-तीन बार उठके देखती थी. और गए कब, पता है? मैं दो मिनट गैस पे दूध देखने गई थी."

त्यांना म्हणायचं होतं की बाई, पहारा देऊन काही होत नाही, आता सोड. मला ते कळलं नाही असं नाही. कळलं, डोळ्यांत पाणीही आलं. त्यांचा हात धरून मी कितीतरी वेळ उभी होते.

पण घरी गेल्यावर मी एक स्टूल आणून गॅसजवळ ठेवलं. तेव्हापासून दूध तापेपर्यंत हे स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसतात.

* * *

शेवटी मी ऑक्सिमीटर घेतलं. बोटाला चिमट्यासारखं लावायचं ते छोटं यंत्र, ऑक्सिजन आणि नाडीचे ठोके दाखवतं. ते मी शालीत लपवून वर्गात न्यायची आणि दोन आसनांच्या मध्ये पाणी द्यायच्या निमित्तानं जाऊन ह्यांच्या बोटाला लावून बघायची. मी जवळ आले की हे मुकाट्यानं बोट पुढं करायचे.

एक दिवस ताईंनी पकडलं. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी नुसता हात पुढे केला. "आणा इकडे."

त्यांनी ते ह्यांच्या बोटाला लावलं. बहात्तर. सगळ्यांना दाखवलं. मग माझ्या बोटाला लावलं. एकशे अठरा.

निखिल वाकून बघत होता. म्हणाला, "ताई, वहीतली नावं उलटी लिहिली ना तुम्ही."

मी हसले खरी, पण मला फार लाज वाटली. ह्यांना बरं करायला आणलं आणि ह्यांच्यासमोर मीच आजारी ठरले. हे मात्र हसले नाहीत. माझ्या बोटावरचा तो आकडा खाली येईपर्यंत बघत बसले होते. तो लवकर आला नाही.

* * *

आणि आता जानेवारीतला.

वर्ग सुटला की ताईंकडे चहा होतो. हे तेवढ्यात गाडी काढून दारापर्यंत आणतात. ताईंच्या दारात जागा नसते, म्हणून गाडी मागच्या गल्लीत, बागेजवळ लावलेली असते. दोन मिनिटांचं काम. ह्यांना दहा-बारा मिनिटं लागायची. विचारलं तर म्हणायचे, काचेवर दव असतं, इंजिन गरम करावं लागतं. मला पटायचं. इथल्या थंडीत पटण्यासारखंच आहे ते.

त्या दिवशी धुकं इतकं होतं की ताईंच्या खिडकीतून समोरचं फाटक दिसत नव्हतं. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. मी फोन लावला तर तो ह्यांच्या मॅटच्या पिशवीत, तिथंच खोलीत वाजला.

मी कप खाली ठेवल्याचं मला आठवत नाही. पायात नुसते मोजे. मी गल्लीत पळत सुटले, मागून निखिल, त्याच्यामागे ताई, आंटी गुडघे धरत सगळ्यांत शेवटी. गाडी जिथल्या तिथं होती. काच पुसलेली नव्हती. आत कुणी नव्हतं. बूट घालताना खाली बसलेले हेच डोळ्यांसमोर धरून मी धुक्यात जमिनीवर बघत चालले होते.

हे बागेतल्या बाकावर बसले होते. मफलर कानाला, जॅकेटची बाही वर सरकवलेली. उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर. नाडी बघत होते.

"काय होतंय? दुखतंय का? अहो, बोला ना."

"काही होत नाहीये," हे म्हणाले. "रोज बसतो इथं दहा मिनिटं. आज जरा जास्त बसलो."

"रोज? कशाला?"

ह्यांनी बाही खाली ओढली. मागे निखिल येऊन थांबला होता, ताई आणि आंटीही पोचल्या होत्या, ते ह्यांनी बघितलं. तरी म्हणाले.

"घाबरायला."

मला पहिल्यांदा रागच आला. सहा महिने मी जिवाचं रान करतेय आणि हा माणूस गारठ्यात एकटा येऊन बसतो. "मग हे घरी करता येत नाही? माझ्यासमोर?"

"घरी जागा कुठंय, सुनंदा? सगळी तू घेतलीस."

निखिल गवताकडे बघायला लागला. आंटींना शब्द कळले नसतील, पण त्यांनी शालीचा पदर तोंडाला लावला. माझे मोजे ओले झाले होते.

मी म्हटलं, "सरका."

हे सरकले.