गिरणी बंद झालेल्या घरात

मंडळी, तुमच्या घरातला कुठला आवाज आता बंद झालाय? आज आईनं मला झापलं, तेव्हापासून हेच डोक्यात आहे.

पीएचडीनंतर मी परदेशात संशोधन करते. एकेक अणू दिसेल असा सूक्ष्मदर्शक आम्ही बनवतो. तो द्रव हेलियमनं थंडगार ठेवायचा आणि हादऱ्यांपासून जपायचा. कुणी जोरात चाललं तरी चित्र बिघडतं. त्यामुळं दबकत चालायची सवयच लागलीय.

सुट्टीला संभाजीनगरला आलेय. सकाळी तशीच स्वयंपाकघरात शिरले आणि आई केवढ्यानं दचकली!

"अगं, चोरासारखी काय येतीस? गिरणी बंद झाल्यापासून घर लई गप झालंय. तू तरी पाय वाजव!"

बाबांची पिठाची गिरणी घराला लागूनच होती. ती सुरू झाली की फळीवरचे कप थरथरायचे, माझी पेन्सिल वहीवरून घरंगळायची. जेवायला हाकसुद्धा ओरडूनच. ज्या हादऱ्यांना मी आता लांब ठेवते, त्यांच्यातच वाढले की मी!

मग मुद्दाम पाय आपटत बाहेरच्या खोलीत गेले. बाबा पाठमोरे खाटेवर बसलेले. गिरणीपायी त्यांचे कान कधीच गेलेत. पण खाट हादरली, तसे ते वळून हसले.

"आलीस व्हय गं?"